शेठजींची पाटी आणि मामांचं वजन

आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता बायकोला माझ्यापेक्षा चांगली येते. मी सुरुवात केली की ती स्वयंपाकघरातून माझ्या गाळलेल्या जागा भरते. दिवाळीला भाच्या-पुतण्या जमल्या की फराळाच्या दुसऱ्या ताटाला कुणीतरी म्हणतंच, "काका, ती फळीची सांगा." आणि दरवर्षी गोष्टीतल्या मामांचं वजन माझ्याकडून दोन-चार किलोंनी वाढतं. यंदा बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका. छापलं की वजन तरी वाढायचं थांबेल."

म्हणून लिहितोय. वजन खरं लिहिणार आहे.

मी मूळचा लातूरचा. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार हे पंचांगात बघावं लागतं, तिथं लहानाचा मोठा झालो. त्यामुळे मला पोहता येत नाही. शिकायचं कशात, हाच प्रश्न होता. अशा माणसानं पुढं पाण्यावर घसरायच्या फळ्या विकल्या, यावर आमच्या पाहुण्यांचा अजून विश्वास बसत नाही. नोकरी मात्र नांदेडला. खेळाच्या सामानाच्या एका दुकानात सत्तावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. स्वतः आयुष्यात एकही खेळ धड खेळलो नाही. शाळेत असताना कबड्डीत मला एकदा घेतलं होतं, ते पंच म्हणून.

दुकानाचे मालक शेठजी. बुटके, गोरे, कायम पांढरा सदरा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही, 'मागवून देतो' म्हणायचं. दुसरी, वस्तू दाखवायच्या आधी मैदान विचारायचं.

ही दुसरी गोष्ट मला कळली ती जवळच्याच एका खेड्यातल्या गुरुजींमुळे. दरवर्षी जूनमध्ये ते शाळेसाठी फुटबॉल घ्यायला यायचे. मी त्यांना चांगले टणक, टम्म फुगलेले बॉल दाखवायचो. ते एकेक बॉल तीनदा आपटायचे आणि बाजूला ठेवायचे. शेवटी शेठजींनी विचारलं, "गुरुजी, मैदान कसंय तुमचं?" गुरुजी म्हणाले, "मैदान झकास हाय शेठजी, पण कडंला विहीर हाय. कमी उसळणारा द्या." वर्षभर कोपऱ्यात पडलेले, कातडं मऊ झालेले दोन बॉल शेठजींनी त्यांना अर्ध्या किमतीत दिले. गुरुजी खूश, शेठजी खूश. मला म्हणाले, "बघ दत्ता. माल वाईट नसतो, मैदान चुकतं."

बाकी आमचा धंदा बाहेरच्याला वाटतो तेवढा सोपा नाही. बॅट घेताना लोक स्टिकर बघतात, आम्ही रेषा बघतो. लाकडी मोगरीनं ठोकून आवाज ऐकतो. आवाज खोल आणि भरीव आला तर लाकूड जिवंत, फटफट आला तर आत चीर आहे असं समजायचं. पोराची बॅट पायाशी उभी करून उंचीवर द्यायची. कॅरमवर गोटी ठेवून उतार बघायचा. हे सगळं मला येत होतं. त्याचा थोडा माजही होता.

आता त्या पाटीबद्दल सांगतो. पुढं तिचं काम आहे.

मी लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी शेठजींनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या गोदामातलं सामान न बघता उचललं होतं. 'खेळाचं सामान, एक लॉट.' लॉट उघडला तर त्यात टेनिसच्या जाळ्या, बुरशी आलेले मुष्टियुद्धाचे हातमोजे आणि सगळ्यांत खाली दोन लांब लाकडी फळ्या. पुढून वर वळलेल्या, माझ्या उंचीच्या, चांगल्या वीतभर रुंद, वर रबरी बूट ठोकलेले. आम्ही दोघांनी त्या उलट्यापालट्या करून बघितल्या. पाण्यावर घसरायच्या आहेत एवढं बॉक्सवरच्या चित्रावरून कळलं. पण एका फळीवर एकच बूट होता आणि दुसरीवर एक बूट, शिवाय त्याच्या मागं एक रबरी पट्टा. म्हणजे एकीला एक आणि दुसरीला दीड. शेठजी म्हणाले, "जोडी सदोष आहे." माझ्याकडून त्यांनी मुंबईला तसं पत्र लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं. उत्तर आलं नाही.

शेठजींच्या घरात काही फुकट जात नसे. त्यांनी पेंटरला बोलावलं. फळ्यांच्या पाठीवर, म्हणजे ज्या बाजूला बूट नाहीत त्या बाजूवर, निळ्या ऑइलपेंटनं अक्षरं काढून घेतली. एकीवर 'एकदा विकलेला माल', दुसरीवर 'परत घेतला जाणार नाही'. बूट भिंतीकडं करून दोन्ही फळ्या काउंटरच्या वर आडव्या टांगल्या. टांगल्या मीच, स्टुलावर चढून. प्रत्येक फळीच्या टोकाला खाली एक छोटं पातं होतं. शेठजी त्यातल्या एकाला गोदामाच्या किल्ल्या अडकवायचे. पुढं त्या फळ्यांसमोर फुटबॉलच्या जाळ्या लोंबायला लागल्या, धूळ बसली, आणि त्या फळ्या आहेत हे आम्हीही विसरलो. ती फक्त पाटी झाली. पाटी कशावर लिहिली आहे हे कोण बघतं?

यानंतर वीसेक वर्षं गेली. चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात गोविंदमामा दुकानात आले.

मामा मुदखेडजवळच्या खेड्यातले. पंधरा वर्षं नेव्हीत होते. नंतर गावी परतून शेती आणि सोबत गोदावरीच्या बॅकवॉटरला एक जुनी मोटरबोट. सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना चक्कर मारून आणायचे. बोट चालवायला हैदरभाई नावाचे त्यांचे जोडीदार होते, मूळचे मासेमारीवाले. मामा आमच्याकडून लाइफ जॅकेट न्यायचे, म्हणून ओळख. साठी उलटलेली, मिशा पांढऱ्या आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. दुकानाची पायरी चढताना ते आधी पायरीकडं रागानं बघायचे, मग चढायचे.

त्या दिवशी त्यांच्यासोबत कमलमामी होत्या. मामी स्टुलावर बसल्या, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "सांगा की आता. मला सांगताना तोंड लई चाललं."

मामा म्हणाले, "दत्ता, पाण्यावरची स्की पाहिजे. एकच. स्लॅलम."

मी म्हणालो, "मागवून देतो."

काय मागवायचं हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी मग सांगितलं. नेव्हीत असताना पंचविशीत ते बोटीमागं दोरी धरून पाण्यावर घसरायचे. आधी दोन फळ्यांवर, मग एकाच फळीवर. एकाच फळीवर दोन्ही पाय पुढं-मागं ठेवून, डावीउजवीकडं कलत, पाण्याची भिंत उडवत जायचं, त्याला स्लॅलम म्हणतात. दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. कृत्रिम गुडघा बसवायचा. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर असलं काही नाही.

"आताही न्हाईच म्हणला तो," मामी मधेच म्हणाल्या.

"आता न्हाई म्हणला, पण नंतरचं 'न्हाई' मोठं हाय," मामा म्हणाले. "त्याच्याआधी एक डाव. एका फळीवर. बास, माहं काही दुसरं मागणं न्हाई."

मामींनी पिशवीतून रुमालाची गाठ काढली. "दवाखान्यासाठी तीस हजार बाजूला ठिवलते. माजी सैनिकाच्या योजनेत ते काम फुकट झालं. तर हे घ्या, आन ह्याच्यावर एक रुपया न्हाई. मपल्या नवऱ्याचं खूळ हाय, पण त्या खुळाला बी हद्द पाहिजे."

पुढचे चार दिवस मी फोनवर होतो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की या फळीला उंचीशी काही देणंघेणं नाही. मी मामांची उंची मापून ठेवली होती, कारण बॅट उंचीवर देतात. फळी देतात वजनावर, आणि बोट किती जोरात ओढते त्यावर. माणूस जड आणि बोट संथ असेल तर फळी रुंद हवी. रुंद फळी लवकर वर येते, चुका पोटात घालते. अरुंद, कडक फळी वळणाला पाणी कापते, पण तिला वेग लागतो आणि तिच्यावरचा माणूस हलका लागतो. नाहीतर ती वर यायचं नावच घेत नाही. नवी परदेशी फळी लाखाच्या पुढं. तीस हजारात फक्त जुनी.

गोव्याकडच्या एका क्लबनं आपला जुना माल काढला होता. तिथला माणूस फोनवर नीट बोलला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "चालवणाऱ्याचं वजन किती?"

मामा तेव्हा दुकानातच होते. काउंटरला आणखी चार गिऱ्हाइकं. मी फोन हातात धरूनच विचारलं, "मामा, वजन किती तुमचं?"

मामांनी पोट आत घेतलं. "चौसष्ट."

मी त्यांच्याकडं बघितलं. सदऱ्याचं मधलं बटण जिवावर उदार होऊन टिकून होतं. मी रोज पोरांना कपडे आणि बूट विकणारा माणूस, नजरेनं माप घ्यायची मला सवय. चौसष्ट कुठल्याही बाजूनं दिसत नव्हते. पण चार लोकांत वडीलधाऱ्या माणसाला 'काट्यावर चढा' म्हणायचं? आमच्याकडं धान्याचं वजन विचारतात, माणसाचं नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. रुंद फळी त्या क्लबकडं नव्हती. चौसष्टला बसेल अशी होती. मी फोनमध्ये "चौसष्ट" असं म्हणालो.

तो म्हणाला, "सत्तरच्या आतला माणूस असेल तर डोळे झाकून घ्या."

आम्ही डोळे झाकले.

फळी आली. काळीभोर, निमुळती, तलवारीसारखी. वाहतुकीसकट सव्वीस हजार. मी ती माझ्या पद्धतीनं तपासली. बोटाच्या पेरांनी टोकापासून शेपटापर्यंत ठोकत गेलो. कुठं पोकळ आवाज आला तर आतला थर सुटलेला असतो. बुटाच्या स्क्रूंभोवती चिरा बघितल्या. एक डोळा मिटून वाक बघितला. खालचं पातं हलवून पाहिलं. रबर नखानं दाबलं. माल चोख होता. सगळं तपासलं, माणूस सोडून. आणि शेठजींची दुसरी गोष्ट, मैदान विचारायची, तीही राहिली. बोटीचं इंजिन किती ताकदीचं, हे मी मामांना विचारलंच नाही.

घटस्थापनेच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही पाण्यावर गेलो. मी काठावर. मामींनी भाकरी आणि ठेचा आणला होता. मामा जॅकेट घालून पाण्यात उतरले, फळीत पाय घातले, दोरीची मूठ धरली. हैदरभाईंनी इंजिनाची दोरी ओढली.

बोटीचं नाक वर झालं, मागं पाणी उकळल्यासारखं झालं आणि मामा होते तिथंच. म्हणजे पुढं जात होते, पण पाण्याच्या वर नव्हे, खालून. फळीचं टोक फक्त दिसत होतं. बोट हळूहळू नदी नांगरत चालली होती. मामांनी मूठ सोडली, खोकले, परत इशारा केला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांची टोपी एकटीच वर आली आणि मग बऱ्याच वेळानं ते.

हैदरभाई बोट बंद करून म्हणाले, "मामा, इंजिन रडून राहिलं. चाळीस घोड्यांचं हाय, त्यातले धा मेलेत."

मामा काठाला आले. पाण्यातून बाहेर येताना गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत उभे राहिले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. मामींनी फळी उचलली, वजन बघितल्यासारखी हातात हलवली आणि मला विचारलं, "किती वजनाच्या माणसाची हाय ही?"

मी म्हणालो, "मामांनी सांगितलं, चौसष्ट."

मामींनी फळी खाली ठेवली. "मी लगीन होऊन आलते तवा हे चौसष्ट व्हते," त्या म्हणाल्या. "नेव्हीच्या कागदावर अजून तेवढंच हाय."

परतताना त्यांनी जीप मोंढ्यात घ्यायला लावली. सोयाबीनची आवक चालू होती, काट्यापुढं पोत्यांची रांग. मामी रांगेत उभ्या राहिल्या, म्हणजे मामांना उभं केलं. काट्यावरचा हमाल माझ्या ओळखीचा. त्यानं ओल्या कपड्यातल्या मामांना वरून खाली बघितलं.

"कामून हो मामा, विकून राहिले का तुम्हाला?"

"गप. काटा बघ."

"शहाऐंशी," हमाल म्हणाला. मग ओल्या कपड्यांकडं बोट करून, पोत्याचं वजन वजा करतात त्या सुरात, "बारदान कापू का?"

"काप," मामा म्हणाले.

"पंच्याऐंशी धरा."

हेच ते खरं वजन. घरच्या मंडळींनी नोंद घ्यावी. मी गेल्या वर्षी शहाण्णव सांगितलं होतं.

मामा जीपमध्ये बसले, तेव्हा मला वाटलं आता माझ्यावर चिडतील. ते म्हणाले, "दत्ता, तुहं काही चुकलं न्हाई. मी लबाड बोललो."

"मला दिसत होतं मामा," मी म्हणालो.

ते हसले. "दिसत व्हतं आन बोलला न्हाईस. म्हंजे दोघं बी लबाड."

मला मात्र चैन पडेना. चाळीसेक दिवसांनी ऑपरेशन आणि रुमालात उरले होते चार हजार. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी शेठजींपुढं उभा राहिलो. म्हणालो, "ती फळी आपण परत घेऊ. चूक माझी आहे. मी विकतो ती दुसरीकडं कुठंतरी, आणि मामांना रुंद बघून देतो."

शेठजी सत्तरीला आलेले. चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांचा होता. "मी काही बोलत नाही दत्ता," ते म्हणाले. "तू वर वाच." आणि त्यांनी बोट वर केलं.

मी वर बघितलं. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

पुन्हा एकदा वाचलं. मग शेठजींच्या किल्ल्यांचा जुडगा ज्याला लटकत होता ते पातं दिसलं. मग पुढून वर वळलेली टोकं. आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं की पाटी वीतभर रुंद आहे.

स्टूल घेतलं, जाळ्या बाजूला केल्या आणि दोन्ही फळ्या खाली काढल्या. इतक्या वर्षांची धूळ शेठजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. ते ओरडतील म्हणून मी थांबलो, पण त्यांचंही लक्ष तिथंच गेलं होतं. एकीला एक बूट. दुसरीला दीड. तो मागचा अर्धा पट्टा दुसरा पाय घालायला होता. जोडी सदोष नव्हतीच. आधी दोन्हींवर उठायचं, मग एक सोडून द्यायची आणि मोकळा पाय दुसरीवरच्या मागच्या पट्ट्यात सरकवायचा. नवशिक्याची, जड माणसाची आणि कमी घोड्यांच्या बोटीची ही पद्धत. जिच्यासाठी मी गोव्यापर्यंत फोन केले ती वस्तू माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर वीस वर्षं टांगली होती, आणि ती सदोष असल्याचं पत्र माझ्या सुंदर अक्षरात मुंबईत कुठंतरी पडलेलं असणार.

शेठजींनी सदऱ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "घेऊन जा. पण विकायचं नाही. पाटी आहे ती दुकानाची. काम झालं की परत आण."

बुटांचं रबर वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं झालं होतं. पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. आमच्या दुकानाशेजारी चपला शिवणारे एक म्हातारे बसायचे, त्यांनी नायलॉनचा दोरा ओवून तिचे पट्टे बसवले. ऑइलपेंट मात्र निघेना. आम्ही तो तसाच ठेवला.

अडचण एकच होती. मामांनी सोडलेली फळी वाहत जाणार, ती गोळा कोण करणार? हैदरभाई बोट चालवणार. उरलो मी. पोहता न येणारा लातूरकर. शेवटी ट्रकच्या दोन फुगवलेल्या ट्यूबा आणि वर एक फळकूट असा तराफा केला, मला जॅकेट घालून त्यावर बसवलं आणि तराफ्याला लांब दोरी बांधून तिचं टोक काठावर मामींच्या हातात दिलं.

"मामी, सोडू नका हं," मी तीनदा म्हणालो.

"मी शेरडं राखलेली हाय," मामी म्हणाल्या. "सोडत न्हाई."

दिवाळीच्या आधीचा आठवडा. पाणी काठोकाठ आणि स्वच्छ. वारा पडलेला. मामा दोन्ही फळ्या घालून पाण्यात बसले होते, गुडघे छातीशी, पुढं दोन लाकडी टोकं. हैदरभाईंनी मान वळवून विचारलं. मामांनी हनुवटी हलवली.

बोटीचं नाक वर झालं. मामा ओढले गेले, कंबरेपर्यंत, मांडीपर्यंत, आणि मग अचानक पाण्याच्या वर. उकिडवे, थरथरत, पण वर. तिथंच थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं आता पुरे, एवढ्यावर थांबावं. माणूस वर आला, झालं की. पण त्यांनी उजवा पाय उचलला. दुखरा. फळी पायातून निसटली आणि उडी मारून बाजूला पडली.

आता ते एका फळीवर होते, डाव्या पायावर, आणि उजवा पाय मागं पाण्यात लोंबत मागचा पट्टा शोधत होता. सापडेना. पाऊल पट्ट्यावरून घसरायचं, पाणी उडायचं, मामा एका बाजूला कलायचे. पंच्याऐंशी किलो एका पायावर. मी श्वास धरून बसलो होतो. माझ्यासारख्यानं दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी धरलेला तो आयुष्यातला एकमेव श्वास. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाऊल आत गेलं.

आणि मामा सरळ झाले.

सरळ म्हणजे कसे, ते मला लिहिता येत नाही. दुकानाच्या पायरीकडं रागानं बघणारा माणूस तो नव्हता. हात लांब, पाठ मागं टाकलेली, पांढऱ्या मिशा वाऱ्यानं गालाला चिकटलेल्या. त्यांनी फळी डावीकडं कलवली, अगदी थोडी. बाजूनं पाण्याची एक पातळ भिंत उठली आणि पडली. मग उजवीकडं. माझ्या तराफ्याच्या पन्नास-साठ हातांवरून ते गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते कुठंच बघत नव्हते. पुढं बघत होते.

दोन मिनिटं, फार तर अडीच. हैदरभाईंनी मोठा वळसा घेतला, तेव्हा ट्यूबचा पुढचा पट्टा फाटला आणि मामा गेले. लगेच वर आले, हात उंच. हैदरभाई हसत बोट वळवत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काठापासून बराच लांब आलोय. वळून बघितलं. मामी काठावर उभ्या होत्या, दोन्ही तळवे तोंडावर धरून. दोरी त्यांच्या पायाशी नव्हती. ती माझ्यामागं पाण्यात तरंगत येत होती.

"मामी, दोरी," मी ओरडलो.

त्यांना ऐकू गेलं नाही. समोरून सोडलेली फळी तरंगत आली, पालथी, आणि माझ्या तराफ्याला येऊन टेकली. वर निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'एकदा विकलेला माल'. मी तिला मिठी मारून बसलो. पंधरा मिनिटांनी हैदरभाईंनी मला शेंडीला धरून आणावं तसं दोरीला धरून आणलं. मामी म्हणाल्या, "दत्ता, सुटली बग. ध्यान न्हाई ऱ्हायलं." डोळे पुसत होत्या. मग मामांकडं वळून म्हणाल्या, "बास म्हणावं आता. भाकरी खा."

ऑपरेशन नीट झालं. फळ्या धुऊन मी परत टांगल्या. यावेळी शेठजींनी जाळ्या त्यांच्यासमोर लावू दिल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलानं दुकान बंद केलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी लातूरला परतलो. येताना मुलानं विचारलं, "दत्ताकाका, काही पाहिजे का?" मी पाटी मागितली. ती आमच्या हॉलमध्ये आहे. टँकरवाला आत पैसे घ्यायला आला की वाचतो आणि बाहेर जाऊन पाण्याचं माप नीट बघतो.

ती काळी, निमुळती फळी मामांनी विकली नाही. कपाटाशेजारी उभी आहे, मामी तिच्यावरची धूळ पुसतात. सत्तरच्या आतल्या माणसाची ती.

मामांचा महिन्यातून एकदा फोन येतो. 'कसा हायेस' वगैरे काही नाही. आधी आकडा. "दत्ता, एक्क्याऐंशी." पुढच्या वेळी, "एकोणऐंशी." संध्याकाळची भाकरी सोडलीय, रोज शेतापर्यंत चालत जातात. नवा गुडघा झकास, म्हणतात. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मामी मागून काहीतरी पुटपुटतात, ते दोघांनाही ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात फोन आला. "शहात्तर," मामा म्हणाले.

आम्ही एकदा दोघं लबाड ठरलो होतो, म्हणून यावेळी मी विचारलं, "काट्यावर का नेव्हीच्या कागदावर?"

"मोंढ्यात," मामा म्हणाले. "बारदान कापून."

"मग अजून सहा," मी म्हणालो.